अकरा जोडप्यांचा फरक

"ही क्वेरी मला मराठीत सांग," उपाध्ये मॅडम म्हणाल्या.

मी स्क्रीनकडे बघितलं. दीड पान पसरलेली क्वेरी होती ती, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या माहितीला विचारलेला प्रश्न. माहितीची सात टेबलं, म्हणजे तक्ते, एकमेकांना जोडलेले, कंसात कंस, आणि सगळ्यात वर डिस्टिंक्ट.

"मराठीत म्हणजे?"

"म्हणजे आईला सांगशील तसं. हिला काय पाहिजे आणि ते कुणाकडून पाहिजे. एका वाक्यात सांगता आलं नाही तर तुला कळलेलं नाही असं समज."

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या गोदामावर आमचं ऑफिस होतं. चार टेबलं, चार कॉम्प्युटर आणि एक पंखा, जो वाऱ्यापेक्षा खालची हळदच जास्त फिरवायचा. शैला उपाध्ये ऑफिसच्या मालकीण. पन्नाशीच्या, बोलायला तिखट, आणि कामात कुणाची गय न करणाऱ्या. मी, अभय मगदूम, त्यांच्याकडे लागून वर्षही झालं नव्हतं. त्या मे महिन्यात त्यांना मी मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक शिक्षण संस्था. पाच जिल्ह्यांत तिच्या शाळा. दर मे महिन्यात शिक्षकांच्या बदल्या व्हायच्या. सगळे शिक्षक संस्थेच्या सभागृहात बसत, ज्येष्ठतेनं एकेकाचं नाव पुकारलं जाई आणि तो पडद्यावर दिसणाऱ्या रिकाम्या जागांतली एक शाळा निवडत असे. त्यात पहिला मान जोडप्यांचा. नवरा-बायको दोघं संस्थेत, पण शाळा लांब लांब असतील, तर त्यांना आधी जवळ आणायचं, असा संस्थेचा नियम होता. ही जोडपी शोधून काढणं हेच त्या दीड पानी क्वेरीचं काम. एकानं जागा घेतली की यादी पुन्हा काढायची, म्हणजे क्वेरी पुन्हा चालवायची.

शुक्रवारी रंगीत तालीम झाली होती. संस्थेचे प्रशासन अधिकारी देशिंगकर साहेब शेजारी बसले होते. क्वेरी सुरू केली. साहेबांनी चहा घेतला, खाली जाऊन पान लावून आले, वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवायला घेतलं, तरी स्क्रीनवरचं चक्र आपलं फिरतंय.

"सोमवारी हे असं फिरत बसलं ना," साहेब उठताना म्हणाले, "तर मास्तर लोक मला खुर्चीसकट उचलून रस्त्यावर ठेवतील."

म्हणून शनिवारी सकाळी मॅडमनी मला समोर बसवलं होतं.

"पती-पत्नी दोघं आपल्या संस्थेत असतील आणि दोघांच्या शाळा लांब असतील, तर ती जोडपी पाहिजेत," मी म्हणालो.

"शाब्बास. आता यातलं एकेक टेबल दाखव आणि सांग, ते इथं कशाला आलंय."

"शिक्षकांचं टेबल. नवरा आणि बायको दोघांसाठी, म्हणून दोनदा."

"राहू दे."

"शाळांचं."

"अंतरासाठी. राहू दे. पुढं?"

"बँक खात्यांचं."

"ते कशाला?"

मी क्वेरी वर-खाली केली. खात्याचा क्रमांक कुठंच वापरलेला नव्हता.

"नुसतंच आलंय."

"पंगतीत बसलंय, पण जेवत नाही आणि वाढतही नाही. उठव त्याला. आणि ज्या शिक्षकाची दोन खाती असतील, तो माणूस यादीत दोनदा येणार, बरोबर?"

"म्हणूनच वर डिस्टिंक्ट टाकलं असणार. दुबार नावं गाळायला."

"म्हणजे घाण करायची आणि वर चादर टाकायची," मॅडम म्हणाल्या. "चादर काढ. खाली काय आहे ते मला बघायचंय."

ही क्वेरी नितीन सुतार नावाच्या पोराची. माझ्या आधी तो या खुर्चीवर होता, मग पुण्याला मोठ्या कंपनीत गेला. तो हुशार होता यात शंका नाही. कारण चादर काढल्यावर जे दिसलं, ते सुचायलाही डोकं लागतं.

त्यानं नवरा-बायकोची जोडी नावावरून लावली होती. आपल्याकडे बाईच्या नावात मधे नवऱ्याचं नाव आणि शेवटी नवऱ्याचं आडनाव असतं. तेव्हा बाईचं मधलं नाव घ्यायचं, आडनाव घ्यायचं आणि त्या नावाचा पुरुष शिक्षक शोधायचा. सुनंदा बाळासाहेब पाटील, तर नवरा बाळासाहेब पाटील. पण कुणी कागदावर बाळासाहेब असतो, कुणी नुसता बाळू. मग राव, साहेब, जी, सगळं छाटून, अर्धवट नावावरून जुळवणी. त्यामुळं प्रत्येक बाईसाठी कॉम्प्युटरला संस्थेतल्या तमाम पुरुषांची नावं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत बसावं लागे. चक्र का फिरत होतं, ते आता कळलं.

"मॅडम, या सुनंदाबाईंना चार नवरे लागलेत," मी म्हणालो.

मॅडम चष्मा पुसून पुढं वाकल्या. खरंच. संस्थेत बाळासाहेब पाटील चार होते. मॅडम इतक्या हसल्या की खालच्या गोदामातल्या हमालानं वर बघितलं.

"बिचारी एकाला कंटाळली असेल, या क्वेरीनं आणखी तीन दिले," त्या म्हणाल्या. मग हसू आवरून म्हणाल्या, "अर्जात जोडीदाराचा सेवा क्रमांक भरून घेतात ना?"

"घेतात. गेल्या वर्षीपासून. संस्थेचे कारकून तपासूनही घेतात."

"मग नावं कशाला हुंगत बसायचं? यानं तिचा क्रमांक दिलाय, तिनं याचा दिलाय. जोड क्रमांकावर. लिही."

मी लिहिली. अर्ज, शिक्षक, शाळा, बस्स. सातातली निम्मी टेबलं उठून गेली. क्वेरी दहा-बारा ओळींत मावली. एंटर दाबला आणि मी खुर्चीत मागं रेलेपर्यंत यादी समोर होती. इतका आनंद मला पहिल्या पगाराला झाला नव्हता.

"नाचू नकोस," मॅडम म्हणाल्या. "जुनीच्या यादीशी ताडून बघ. तेवढीच जोडपी आली तर खरं."

तेवढी आली नाहीत. जुनीतले खोटे नवरे गळाले होते ते ठीकच, पण माझ्या यादीत अकरा जोडपी अशी होती, जी जुनीत नव्हतीच.

मी पुन्हा चालवली. पुन्हा अकराच. माझा चेहरा पडला. एवढी सोपी क्वेरी, आणि तीही चुकली!

"जुनी बरोबर की नवी, हे क्वेरीला विचारू नको," मॅडम चहा ओतत म्हणाल्या. "नियमाला विचार. ती अकरा जोडपी कोण आहेत ते बघ."

मी त्या अकरा ओळी वेगळ्या काढल्या. वाचता वाचता लक्षात आलं. या अकराही बायकांच्या नावात मधे वडिलांचं नाव होतं. लग्नाआधी नोकरीला लागलेल्या. पदवी, नेमणूक, सगळे कागद माहेरच्या नावावर, म्हणून नाव तसंच ठेवलेलं. नितीनच्या हिशेबानं त्यांना नवराच नव्हता. त्यामुळं गेल्या वर्षी जोडप्यांच्या यादीत त्यांची नावंच आली नव्हती.

तिसऱ्या ओळीवर माझी नजर थांबली. स्नेहलता आप्पासाहेब मगदूम, जत. जोडीदार रावसाहेब दिनकर चौगुले, गडहिंग्लज.

आप्पासाहेब माझे वडील.

ताई जतला, दाजी गडहिंग्लजला, आणि त्यांचा तीन वर्षांचा श्रेयस कुरुंदवाडला आजीपाशी. महिन्यातून दोनदा तिघं एकत्र यायचे, तेही एसटी वेळेवर आली तर. गेल्या वर्षी ताई सभागृहात दिवसभर बसली होती. जोडप्यांत तिचं नाव कुणी पुकारलंच नाही, आणि ज्येष्ठतेनं पाळी येईपर्यंत जवळची एकही जागा उरली नव्हती. 'आपल्याला कुणाचा वशिला नाही रे,' एवढंच ती घरी येऊन म्हणाली होती. आणि यंदा हुकलं तर दोघांच्या शाळा पाच वर्षांसाठी कायम होणार होत्या. म्हणजे श्रेयस तिसरीत जाईपर्यंत आजीपाशीच.

"मॅडम," मी म्हणालो. "ही तिसरी ओळ. ही माझी ताई आहे."

मॅडमनी कप खाली ठेवला.

"सख्खी?"

"सख्खी."

"तिनं अर्ज केलाय हे तुला माहीत होतं?"

"हो. पण ती यादीत येत नाही हे माहीत नव्हतं. आत्ता कळलं."

त्यांनी ती ओळ नीट वाचली. मग म्हणाल्या, "ऊठ."

मी उठलो. त्या माझ्या खुर्चीवर बसल्या, मी लिहिलेली क्वेरी वरपासून खालपर्यंत निवडली आणि माझ्या डोळ्यांदेखत पुसून टाकली.

"मॅडम!"

"मिरजेला जा. डॉक्टर आवटींचा प्रिंटर बघायचाय."

"तो चांगला चाललाय. परवाच बघून आलो."

"मग बिघडेपर्यंत तिथं बस. आणि मंगळवारपर्यंत या ऑफिसच्या पायरीवर मला दिसू नको. तुझा पासवर्ड आत्ता बदलते."

खरं सांगितलं, तर हे बक्षीस! रागानं कान तापले होते. मी जिना उतरलो, सायकल काढली आणि मिरजेचा रस्ता धरला. सगळ्या वाटेत डोक्यात एकच. बाईंना डोकेदुखी नको. ती जुनी क्वेरी जराशी पळती करतील, सोमवार निभावून नेतील, आणि अकरा बायका बसतील पुन्हा सभागृहात दिवसभर. त्यात माझी ताई.

डॉक्टर आवटींनी मला बघून विचारलं, "काय झालं प्रिंटरला?"

"काही नाही."

"मग?"

"मॅडमनी बसायला सांगितलंय."

डॉक्टर समजूतदार माणूस. त्यांनी मला कंपाउंडरच्या शेजारी स्टूल दिलं. मी केस पेपर छापत बसलो.

दुपारी ताईचा फोन आला.

"अभ्या, सोमवारी येतोय रे आम्ही दोघं. श्रेयसलाही आणू का? म्हणजे नाव आलं तर तिथूनच..." ती थांबली. "यंदा तरी येईल काय रे? तू तिथंच हाईस म्हणून विचारते. दुसरं काय नको करूस, नुसतं मॅडमना विचार की."

"ताई, मला त्या कामावरून काढलंय."

"काय चुकलं काय तुझं?"

"माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली. "जेवलास काय? जेव जा." आणि तिनं फोन ठेवला.

ती क्वेरी मला तोंडपाठ होती. त्या रविवारी मी ती कागदावर दोनदा लिहून काढली आणि दोनदा फाडली. देशिंगकर साहेबांच्या घरी जाऊन सांगावं असं एकदा वाटलं. त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलोही. मग ते म्हणतील 'तुला काय घेणं', तर काय सांगणार? बहीण आहे म्हणून? तिथूनच परत फिरलो.

सोमवारी अकराच्या सुमाराला, मी पुन्हा आवटींकडे स्टुलावर असताना, फोन वाजला. ताईचा. आधी नुसता गलका ऐकू आला, सभागृहातला. मग तिचा आवाज.

"पुकारलं रे! दोघांचं नाव पुकारलं, पाठोपाठ! गडहिंग्लजची कन्या शाळा घेतली मी. दाजींच्या शाळेपासून चालत जाता येतं..." पुढचं तिला बोलता येईना. मागं श्रेयस 'आई रडू नको, आई रडू नको' करत होता. मी स्टुलावरच बसून राहिलो. कंपाउंडर म्हणाला, "काय झालं हो, कुणी गेलं काय?" मी मान हलवली आणि हसलो, आणि मग मलाही ताईसारखंच झालं.

मंगळवारी ऑफिसला गेलो तो मॅडमचे पाय धरायच्या तयारीनं. त्या दारातच म्हणाल्या, "मिरजेचं बिल करून टाक."

"मॅडम, माझ्या ताईचं..."

"कुठली ताई? मला तुझी ताईबिई कुणी माहीत नाही. पावणेदहा वाजलेत, बस जागेवर."

मी बसलो. त्यांनी चिठ्ठीवर दिलेला नवा पासवर्ड टाकून क्वेरी उघडून बघितली. शब्द न् शब्द तीच होती. वर त्यांचं नाव होतं, माझं कुठंच नव्हतं. कबूल करतो, आनंदाच्या भरातही मला ते बोचलं.

जूनमध्ये संस्थेकडे निनावी अर्ज गेला. 'कॉम्प्युटर कंपनीतल्या मुलानं स्वतःच्या बहिणीला जोडप्यांच्या यादीत घुसवलं, बदली रद्द करा.' अध्यक्षांनी बोलावणं धाडलं. मॅडम, मी, देशिंगकर साहेब, आणि टेबलाच्या पलीकडे अध्यक्ष. ताईनं गडहिंग्लजला भाड्यानं घर घेतलं होतं. श्रेयसचं बालवाडीत नाव घातलं होतं.

"ही क्वेरी कुणी बदलली?" अध्यक्षांनी विचारलं.

"मी सांगतो," देशिंगकर साहेब म्हणाले. "मी तिथंच बसलो होतो. शनिवारी बाईंनी मला बोलावून घेतलं. पहिलं वाक्य हे, की साहेब, माझ्याकडच्या एका पोराची बहीण या अर्जात आहे. त्याला आत्ता बाहेर काढलाय, त्यानं लिहिलेलं पुसलंय. आता तुमच्यासमोर कोऱ्यापासून लिहिते. मग मला आपला नियम मोठ्यानं वाचायला लावला. मी एक वाक्य वाचायचं, त्यांनी एक ओळ लिहायची. ओळ वाक्याशी जुळते की नाही, हे मला पटेपर्यंत पुढं जायचं नाही. नावं तर शेवटपर्यंत बघू दिली नाहीत."

"आणि हा पोरगा?"

"हा मिरजेत. आवटी डॉक्टरांकडे केस पेपर छापत होता. मी स्वतः फोन करून खात्री केली."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "म्हणजे नवी यादी नियमाला धरून आहे?"

"शंभर टक्के. अर्ज निकाली काढा, साहेब." देशिंगकर साहेब जरा थांबले. "एक मात्र आहे. मीच त्या दिवशी अडून बसलो होतो. म्हटलं, बाई, नवी यादी लावली म्हणजे गेल्या वर्षीची चुकीची होती हे उघड झालं. अकरा बायका विचारणार, आमचं वर्ष कुणी खाल्लं? मी अध्यक्षांना कुणाचं नाव सांगू? जुनीच राहू दे, गुपचूप. तर या म्हणाल्या, माझं सांगा. म्हटलं, लिहून द्याल? म्हणाल्या, कागद आणा."

"चूक यांचीच होती?"

"माझ्या ऑफिसातून गेली म्हणजे माझीच," मॅडम म्हणाल्या. "मी बघून द्यायला हवी होती."

ती नितीनची आहे, हे मी बोलायला तोंड उघडलं. मॅडमनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी ते मिटलं.

अर्ज निकाली निघाला. ताईची बदली कायम झाली. आणि अध्यक्षांनी त्याच बैठकीत, अगदी सभ्य भाषेत, मॅडमना सांगितलं की एवढी मोठी चूक त्यांनी स्वतः लिहून दिलेली असल्यानं पुढच्या वर्षीपासून संस्थेचं काम दुसरीकडे द्यावं लागेल. मॅडमनी "समजू शकते" म्हटलं आणि पर्स उचलली.

बाहेर फाटकापाशी त्या रिक्षा बघत उभ्या राहिल्या.

"मॅडम, निम्मं ऑफिस या कामावर चालत होतं."

"चालत होतं खरं."

"नितीनचं नाव का नाही सांगितलंत? आणि फरक मला सापडला, हे तरी..."

"तुला सापडला म्हणून सांगितलं असतं, तर लोक काय म्हणाले असते? भावाला बहीणच बरी सापडली. मग ती अकरा जोडपी गेली बाजूला, आणि तुझी ताई रिटायर होईपर्यंत भावाच्या वशिल्याची झाली असती." त्यांनी रिक्षाला हात केला. "आणि नितीनचं नाव सांगितलं असतं, तर साहेब त्याला शोधत पुण्याला गेले असते. सोमवार तर दोन दिवसांवर होता."

रिक्षा थांबली. त्या बसल्या. मी तसाच उभा.

"काय आता? चल की आत. नवीन गिऱ्हाईक शोधायचंय."

त्या दिवशी रिक्षात मी रडलो. मॅडम दुसरीकडे बघत राहिल्या, आणि मी आवरल्यावर गणपती पेठेत शेव-चिवड्याला रिक्षा थांबवली.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मॅडमना पुढं नवी गिऱ्हाइकं मिळाली, पण वर्षभर त्यांनी ऑफिस कसं ओढलं, ते मी जवळून बघितलंय. आमच्यातल्या एकाचाही पगार त्यांनी मागं ठेवला नाही. मी कुठंही गेलो नाही. पुण्याहून बोलावणी आली, तरी नाही. मला जे काही येतं ते त्यांच्यामुळं येतं, आणि मला आरशात सरळ बघता येतं, तेही त्यांच्यामुळंच.

गेल्या दिवाळीत मॅडम आमच्याकडे फराळाला आल्या होत्या. ताईही आली होती. ती आता मुख्याध्यापिका आहे. चकलीची ताटली पुढं करत तिनं माझी खोडी काढायला सुरुवात केली.

"मॅडम, हा माझा भाऊ बघा. त्याच कॉम्प्युटरपाशी बसत होता, पण सख्ख्या बहिणीसाठी एक बटण म्हणून दाबलं नाही यानं! माझं मला हक्कानं मिळालं म्हणून बरं. गडहिंग्लजात मी सगळ्यांना ताठ मानेनं सांगते, माझ्या बदलीला कुणाचा हात लागलेला नाही."

मी मॅडमकडे बघितलं. संस्थेचं काम कशापायी गेलं, हे आता तरी त्या सांगतील असं वाटलं. त्यांनी चकलीचा तुकडा मोडला, सावकाश खाल्ला आणि म्हणाल्या, "अगदी खरं आहे. कुणाचा हात लागलेला नाही."

मी चहा टाकायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.